ढगांच्या वर चमकणारे स्प्राइट: महाराष्ट्रातून शास्त्रीय निरीक्षण शक्य आहे का?

कृत्तिका
१९ मे २०२२ च्या रात्री तिबेटमधील एका सरोवराच्या काठावरून दोन चिनी छायाचित्रकारांनी दक्षिणेकडील वादळावर १०५ तांबडे स्प्राइट टिपले. गंगेच्या मैदानापासून तिबेटच्या पठाराच्या पायथ्यापर्यंत पसरलेले ते वादळ होते, म्हणजे त्याचा बराचसा भाग आपल्याच बाजूला होता. या चित्रीकरणावर आधारित शोधनिबंध २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो वाचल्यापासून एक प्रश्न मनात घोळत आहे.

ज्यांना विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोठ्या वादळात जमिनीवर वीज पडल्यानंतर, ढगांच्याही कितीतरी वर, साधारण ४० ते ९० किलोमीटर उंचीवर, काही मिलिसेकंदांपुरता जो तांबडा प्रकाश उमटतो त्याला स्प्राइट म्हणतात. माझ्याकडे बऱ्यापैकी कॅमेरा आणि एफ १.४ ची लेन्स आहे, आणि साताऱ्यात राहत असल्यामुळे पूर्वेकडे मोकळे क्षितिज असलेले डोंगर जवळच आहेत. महाराष्ट्रातून असे निरीक्षण जमेल का, आणि जमलेच तर माझ्यासारखीने काढलेल्या चित्राचा संशोधकांना खरोखर काही उपयोग असतो का, की ते भिंतीवर लावण्यापुरतेच असते?

मेघदूत७१
उत्तम विषय. एक प्राथमिक शंका: वीज खाली पडण्याऐवजी वर गेली तर बिल कोणाच्या नावाने निघते?

प्रभार
मेघदूतराव, बिल खालच्यांच्याच नावाने निघते, कारण इथे वीज वर जातच नाही. बहुतेकांचा हाच गैरसमज असतो. ढगातून वर झेपावणाऱ्या निळ्या आणि महाकाय झोतांची गोष्ट वेगळी, परंतु स्प्राइटची सुरुवात ढगात न होता वरच, साधारण ७० ते ७५ किलोमीटर उंचीवर होते आणि तिथून प्रकाशाचे तंतू आधी खाली आणि मग वर धावतात.

असे का होते याचा युक्तिवाद सी. टी. आर. विल्सन यांनी १९२० च्या दशकातच मांडला होता. बाष्पपेटीसाठी १९२७ चे नोबेल मिळालेले तेच हे विल्सन. ढगातून मोठा प्रभार एकाएकी जमिनीवर उतरला की वरच्या हवेत विद्युत क्षेत्र निर्माण होते. हे क्षेत्र उंचीच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होत जाते. मात्र हवेतून ठिणगी पडण्यासाठी जेवढे क्षेत्र लागते ते हवेच्या घनतेवर अवलंबून असते, आणि घनता त्याहून कितीतरी वेगाने घटते. ७५ किलोमीटरवर ती समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे तीस हजार पटींनी कमी असते. त्यामुळे कुठेतरी वर अशी एक उंची येतेच, जिथे क्षीण झालेले क्षेत्रही हवेला पुरून उरते. केवळ कागदावरच्या गणितावरून विल्सन यांनी हे भाकीत केले आणि त्याचा पहिला चित्रपुरावा मिळायला १९८९ उजाडले.

ठिणगी तिथेच पडते, त्याहून वर का नाही, हा पुढचा प्रश्न. आणखी वर गेल्यावर आयनांबराची, म्हणजे विद्युतभारित कणांच्या थराची, हद्द लागते, आणि तिथली हवा इतकी विद्युतवाहक असते की आलेले क्षेत्र ती चटकन विझवून टाकते. म्हणून हा सगळा खेळ मध्यांबरातल्या, म्हणजे त्याच्या खालच्या थरातल्या, एका पट्ट्यात चालतो. तांबडा रंग नायट्रोजनचा असतो. खालच्या टोकांकडे तो निळसर जांभळा होत जातो.

सह्यकडा
१९८९ च्या चित्राबद्दल थोडी भर घालतो. मिनेसोटा विद्यापीठातले जॉन विंकलर आणि त्यांचे सहकारी अग्निबाणाच्या एका प्रयोगासाठी मंद प्रकाशात चालणाऱ्या कॅमेऱ्याची चाचणी घेत होते. त्या चित्रफितीत दूरच्या वादळावर प्रकाशाचे दोन खांब आढळले. त्याआधीही अशा वर्णनांचा तुटवडा नव्हता. १८८६ सालच्या नोंदी उपलब्ध आहेत आणि वैमानिक तर कितीतरी वर्षे सांगत होते, परंतु चित्र नसल्यामुळे कोणी फारसे मनावर घेतले नाही.

उत्तररात्र
वैमानिकांचा विषय निघालाच आहे तर लिहितो. मी निवृत्त वैमानिक आहे. बंगालच्या उपसागरावरून रात्री जाताना वादळांना वळसा घालावा लागे, आणि अशा वेळी ढगांच्या माथ्यावर निळसर लकाकी दिसणे आमच्यापैकी अनेकांच्या परिचयाचे होते. सुरुवातीच्या काळात मी ते एका वरिष्ठांना सांगितले, तेव्हा डोळे तपासून घेण्याचा सल्ला मिळाला. त्यानंतर तोंड उघडले नाही.

म्हणूनच २०१५ मध्ये डेन्मार्कचे अंतराळवीर आंद्रेआस मोगेन्सन यांनी अंतराळ स्थानकातून याच उपसागरावरील वादळाचे चित्रीकरण केल्याचे वाचले तेव्हा विशेष आनंद झाला. १६० सेकंदांच्या त्या चित्रणात ढगांच्या माथ्यावर २४५ निळ्या चमका मोजल्या गेल्या. पुढे २०१८ मध्ये स्थानकाच्या बाहेरच्या बाजूला खास याच कामासाठी ‘एसिम’ हे उपकरण बसवण्यात आले.

चिकित्सक
आता मूळ प्रश्नाकडे वळू. कृत्तिकाताईंचा उत्साह कमी करण्याचा हेतू नाही, पण महाराष्ट्रातील वादळे या कामाला फारशी अनुकूल आहेत असे मला वाटत नाही. स्प्राइट बहुतांशी धन प्रभाराच्या विजेमुळे होतात, आणि जमिनीवर पडणाऱ्या विजांमध्ये अशा विजा ढोबळमानाने दहात एक असतात. त्यातही नुसती धन वीज पुरत नाही. किती प्रभार किती उंचीवरून उतरला, या गुणाकाराला महत्त्व असते आणि तो शेकडो कुलोम-किलोमीटर असावा लागतो. एवढा प्रभार साठतो तो शेकडो किलोमीटर पसरलेल्या वादळसमूहाच्या मागच्या, संथ पाऊस देणाऱ्या विस्तीर्ण थरात. आपला वळीव म्हणजे दुपारी वर चढलेला एकांडा ढग. चार वाजता गडगडाट, सहा वाजता गारा आणि आठ वाजता आकाश निरभ्र. ऐन मान्सूनमध्ये पाऊस पुष्कळ, पण घाटावरच्या त्या बुटक्या ढगांत विजा कमी आणि क्षितिज तर दिसतच नाही.

अलाहाबादजवळच्या झुशी येथे, नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या प्रयोगशाळेतून, स्प्राइटची चित्रे घेतली गेली आहेत हे खरे. परंतु तिथे समोर गंगेचे मैदान आहे आणि वादळेही त्या मापाची असतात.

लातूरकर
चिकित्सक यांचे म्हणणे मराठवाड्याला तरी लागू होत नाही. मे महिन्याच्या अखेरीस आमच्याकडे वादळांची रांगच्या रांग रात्री उशिरापर्यंत चालते, आणि परतीच्या पावसातही तसेच होते. मागे एकदा गच्चीवर झोपलो असताना ईशान्येला, नांदेडच्या बाजूच्या वादळावर, मला स्वतःला तांबूस रेघांचा एक झुबका दिसला आहे. डोळ्याची पापणी लवण्याआधी तो नाहीसा झाला. क्षितिजापासून हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढा तो वर होता, हे पक्के आठवते, कारण मी लगेच मुठी धरून पाहिल्या.

चिकित्सक
लातूरकर, मुठी धरून पाहिल्यात हे फार चांगले केलेत, कारण त्यामुळे हिशोब मांडता येतो. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश, तेव्हा तुमचा झुबका २० अंशांवर होता. वादळ नांदेडवर, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटरवर असेल, तर त्या दिशेला २० अंशांवरची वस्तू ४२ किलोमीटर उंच निघते. ही स्प्राइटच्या तळाकडच्या टोकांची उंची झाली, किंवा एखाद्या निळ्या झोताच्या शेंड्याची. तेच वादळ किनवटजवळ, सुमारे २२० किलोमीटरवर असेल तर त्याच कोनातून उंची सुमारे ८५ किलोमीटर येते आणि ती स्प्राइटच्या वरच्या भागाशी जुळते. लातूरहून नांदेड आणि किनवट या दोन्ही दिशांत फरक फक्त आठ-नऊ अंशांचा. वेळ ठाऊक असती तर विजांच्या नोंदींवरून वादळ नेमके कोणते हे ठरवता आले असते. रंगाबाबत मात्र शंका राहते, कारण एवढ्या क्षणिक आणि मंद उजेडात डोळ्याला रंग नीट कळत नाही आणि नुसत्या डोळ्यांनी स्प्राइट पाहिलेल्या अनेकांनी तो करडा दिसल्याचे सांगितले आहे.

लातूरकर
म्हणजे पाहिले ते खरे की खोटे?

चिकित्सक
पाहिलेत हे खरे. काय पाहिलेत ते ठरवता येत नाही.

मेघदूत७१
आमच्या घरी मी उशिरा आल्याचे कारण सांगितल्यावर अगदी असाच निकाल लागतो.

नॉर्मनकर
मी ओक्लाहोमात राहतो. इकडच्या मैदानी प्रदेशावर उन्हाळ्यात मोठमोठे वादळसमूह रात्रभर चालतात, आणि या विषयातले सुरुवातीचे बरेच काम याच वादळांवर झाले. पण मला चर्चेत आणायची आहे ती कोलोरॅडोतील एक जागा. फोर्ट कॉलिन्सजवळ युक्का रिज नावाचे निरीक्षण ठाणे आहे, जिथून वॉल्टर लायन्स यांनी जुलै १९९३ मध्ये एका रात्रीत अशा दोनशेहून अधिक घटना टिपल्या. हे ठाणे डोंगररांगेच्या पायथ्याच्या उंचवट्यावर आहे, पूर्वेला सपाट प्रदेश पसरलेला आहे आणि वादळे त्या सपाटीवर दूर असताना ठाण्यावरचे आकाश मोकळे असते. नकाशावर पाहिले तर महाबळेश्वर आणि त्याच्या पूर्वेचे दख्खनचे पठार यांची रचना याच धर्तीची आहे. वादळांचे माप लहान आहे हे चिकित्सक यांचे म्हणणे मान्य, परंतु जागेची अडचण निश्चितच नाही.

कृत्तिकाताई, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कॅमेरा ढगावर रोखायचा नाही. महाबळेश्वरहून सोलापूर साधारण २४० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे तिथल्या १५ किलोमीटर उंच ढगाचा माथा तुम्हाला क्षितिजापासून जेमतेम अडीच अंशांवर दिसेल. पण त्याच ढगावर ७५ किलोमीटर उंचीवर झालेला स्प्राइट १६ अंशांवर असेल. दोहोंच्या मध्ये नुसते रिकामे, ताऱ्यांनी भरलेले आकाश असते आणि नवखा माणूस तेच चौकटीबाहेर ठेवतो. शिवाय स्प्राइट विजेच्या बरोबर डोक्यावरच होतो असे नाही, तो आडवा कित्येक किलोमीटर सरकलेला असू शकतो. तेव्हा चौकट रुंद ठेवा. २४ ते ५० मिलिमीटरची लेन्स योग्य.

कृत्तिका
नॉर्मनकर, हे फार उपयोगी पडले. म्हणजे मेच्या मध्यात मध्यरात्री श्रवण तारा पूर्वेला साधारण १८ अंशांवर येतो, तो चौकटीच्या मध्याजवळ ठेवला तर सोलापूरकडच्या वादळासाठी नेम बरोबर बसेल.

नॉर्मनकर
अगदी बरोबर. सोलापूरची दिशा महाबळेश्वरहून पूर्वेच्या किंचित दक्षिणेला आहे, तेवढे उजवीकडे सरका.

गोंयकार
आमच्याकडे पणजीहून मेमध्ये समुद्रावर विजा चमकताना रोज दिसतात. समुद्रावर एल्व्हज, म्हणजे प्रकाशाची क्षणिक कडी, अधिक होतात असे तैवानच्या फॉर्मोसॅट-२ उपग्रहावरील उपकरणाने दाखवून दिले होते. ते टिपता येतील का?

प्रभार
एल्व्हज अवघड आहेत. विजेतून निघालेला विद्युतचुंबकीय स्पंद साधारण ९० किलोमीटरवर आयनांबराच्या तळाला धडकतो आणि प्रकाशाचे एक कडे शेकडो किलोमीटरपर्यंत पसरत जाते. हे सारे एका मिलिसेकंदाच्या आत आटोपते. इटलीतील एका छायाचित्रकाराने मार्च २०२३ मध्ये सुमारे ३६० किलोमीटर व्यासाचे असे तांबडे कडे टिपले आहे, त्यामुळे अशक्य म्हणवत नाही. स्प्राइटच्या मागे लागून एल्व्हज मिळाले तर नशीब समजावे.

सह्यकडा
मला उपयोगाच्या प्रश्नावर बोलायचे आहे. अंतराळ स्थानकावर उपकरण आहे, अतिवेगवान कॅमेरे सेकंदाला दहा हजार चित्रे घेतात, आणि त्यांतून स्प्राइटचे तंतू प्रकाशाच्या वेगाच्या दहाव्या हिश्शापर्यंत धावतात हेही कळले आहे. असे असताना गच्चीवरच्या कॅमेऱ्याने त्यात कसली भर पडणार? हौस म्हणून अवश्य करावे, पण त्याला संशोधन म्हणू नये.

चिकित्सक
सह्यकडा, इथे मी तुमच्या विरुद्ध बाजूला आहे. महाराष्ट्रात स्प्राइट किती होतात याबद्दल मी साशंक आहे, चित्रांच्या उपयोगाबद्दल नाही. स्थानक दीड तासात पृथ्वीला फेरी मारते. एखादे वादळ त्याच्या दृष्टीत काही मिनिटेच राहते. जमिनीवरचा माणूस तेच वादळ जन्मापासून विरेपर्यंत पाहतो. नासाने २०२२ मध्ये ‘स्प्रिटॅक्युलर’ नावाचा उपक्रम सुरू केला तो हौशी छायाचित्रकारांची चित्रे गोळा करण्यासाठीच. काही स्प्राइटच्या माथ्यावर दिसणारी हिरवी प्रभा प्रथम ओळखली ती हौशी वादळप्रेमींनी, २०१९ मध्ये, आणि पुढे स्पेनमधील संशोधकांनी तिच्या वर्णपटात लोह आणि निकेलच्या खुणा दाखवल्या.

मात्र एक अट आहे. कृत्तिकाताईंनी उल्लेखिलेल्या चिनी चित्रीकरणाचेच उदाहरण घ्या. त्या चित्रफितींना अचूक वेळ नव्हती. संशोधकांनी चौकटीतून जाणारे उपग्रह आणि तारे यांच्या स्थानांवरून ती शोधून काढली, आणि तेव्हा कुठे सुमारे ७० टक्के स्प्राइट कोणत्या विजेमुळे झाले हे जुळवता आले. इतका खटाटोप एवढ्या असामान्य रात्रीसाठीच कोणी करील. तुमच्या-माझ्या एका चित्रासाठी कोणी करणार नाही. तेव्हा वेळ आपणच द्यावी लागेल. चित्रीकरणाच्या आरंभी आणि शेवटी उपग्रहावरून जुळवलेले घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरले तरी पुष्कळ काम होते. कॅमेऱ्याचे आतले घड्याळ रात्रभरात भरकटते, म्हणून दोन्ही वेळा. सेकंदाला ३० चौकटी असतील तर एक चौकट ३३ मिलिसेकंदांची, त्याहून बारीक वेळ मिळणार नाही. तरीही ‘वीज आधी पडली आणि स्प्राइट किती उशिराने झाला’ याचा ढोबळ अंदाज येतो. हा विलंब कधी काही मिलिसेकंदांचा तर कधी शंभराच्याही घरात असतो, कारण वीज पडल्यानंतरही प्रवाह काही काळ वाहत राहतो. पुण्याच्या आयआयटीएमचे, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे, विजांची जागा शोधणारे संवेदक राज्यभर आहेत. तुमच्याकडे वेळ आणि दिशा असेल तर जुळवणी करायला तिकडची बाजू तयार आहे.

सह्यकडा
एवढी शिस्त पाळली तर माझा आक्षेप उरत नाही. दहातले नऊ जण पाळणार नाहीत, हे मात्र नोंदवून ठेवतो.

उत्तररात्र
चुकीच्या ओळखीबद्दलही सावध राहावे. जुलै २०२५ मध्ये अंतराळवीर निकोल एअर्स यांनी स्थानकावरून काढलेले एक अप्रतिम चित्र जगभर स्प्राइट म्हणून फिरले. तो महाकाय झोत होता हे नंतर स्पष्ट झाले. झोत ढगाच्या माथ्यातून निघून थेट आयनांबरापर्यंत पोहोचतो, त्यामुळे खालचे टोक ढगाला जोडलेले आहे का हे पहिल्यांदा पाहावे. आणि कोलंबिया यानाचीही आठवण करून द्यावीशी वाटते. जानेवारी २००३ च्या त्या मोहिमेत, जिच्यात कल्पना चावला होत्या, एका इस्रायली प्रयोगातून स्प्राइट आणि एल्व्हजचे चित्रीकरण झाले. त्यातले काही उड्डाण चालू असतानाच पृथ्वीवर पाठवले गेले होते, म्हणून ते वाचले.

लातूरकर
मघाचा हिशोब डोक्यातून जात नाही. एकाच जागेवरून पाहिल्यामुळे अंतराचा घोळ होतो, तर मग दोन जागांवरून एकाच वेळी पाहिले तर?

प्रभार
तर उंची थेट मोजता येते, विजेच्या नोंदीवर विसंबावेच लागत नाही. सोलापूरकडच्या वादळासाठी महाबळेश्वर आणि छत्रपती संभाजीनगरजवळचे म्हैसमाळ ही जोडी मला नकाशावर सर्वांत सरस वाटते. म्हैसमाळहून सोलापूर सुमारे २८० किलोमीटर, स्प्राइट १४ अंशांच्या आसपास दिसेल, आणि दोन्हीकडून येणाऱ्या दृष्टिरेषा साधारण ६५ ते ७० अंशांच्या कोनात छेदतात. काटकोनाच्या जितके जवळ, तितकी मोजमापातली चूक कमी. दिशा ताऱ्यांवरूनच काढायची, होकायंत्रावर विसंबू नये. त्यासाठी कॅमेऱ्याच्या मूळ फाइली जशाच्या तशा ठेवा. उजळवून, कापून ठेवलेल्या चित्रात मंद तारे हरवतात.

कृत्तिका
साताऱ्याची बाजू मी सांभाळते. म्हैसमाळला कोणी आहे का? अवकाळीचा अंदाज आला की आदल्या दिवशी इथेच लिहीन.

लातूरकर
माझा भाचा छत्रपती संभाजीनगरला शिकतो, त्याच्याकडे कॅमेरा आहे. लेन्स एफ १.८ ची आहे, चालेल ना?

नॉर्मनकर
चालेल. आयएसओ ३२०० ते ६४०० ठेवा, लेन्स पूर्ण उघडी, आणि फोकस ताऱ्यावर हाताने करून मग त्या कड्याला चिकटपट्टी लावा. भाच्याला सांगा की क्षितिजाजवळचा प्रत्येक तांबडा ठिपका स्प्राइट नसतो. मनोऱ्यांवरचे दिवेही तांबडेच असतात.

चिकित्सक
ज्या रात्री वादळ समोर असूनही काहीच मिळणार नाही त्या रात्रीचीही नोंद ठेवा: कॅमेरा किती ते किती चालू होता, चौकट कुठल्या दिशेला होती. दख्खनच्या वादळांवर स्प्राइट खरोखर कमी होतात की आपण पाहतच नाही, या माझ्या आणि लातूरकरांच्या वादाचा निकाल त्याच नोंदींवरून लागणार आहे.

गोंयकार
तक्त्यात क्षितिज ढगाळ होते की मोकळे यासाठी वेगळा रकाना हवा. कॅमेरा चालू होता पण समोर ढगाचा पडदा होता, अशा रात्री ‘काही दिसले नाही’ मध्ये मिसळल्या तर निकाल चिकित्सक यांच्याच बाजूने झुकेल.

चिकित्सक
मान्य. रकाना घातला आहे; तक्ता उद्या संध्याकाळपर्यंत इथे देतो.